येमूल सरांची पंचेचाळीस मिनिटं

येमूल सरांना कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की ते उलट 'गुड मॉर्निंग' म्हणत नसत. ते विचारत, "किती?"

नवख्या पोराला वाटे, वेळ विचारतायत. तो घड्याळात बघून म्हणे, "पावणेसात, सर."

"ते मलाबी दिसतंय. फ्युएल किती?"

पोरगं काहीतरी आकडा सांगे. मग सर शेवटचा प्रश्न टाकत, "कशावरून?"

सोलापुरातल्या आमच्या फ्लाइंग स्कूलच्या कितीतरी सकाळी या 'कशावरून'पाशी अडकून पडल्या. 'काट्यावरून' असं उत्तर दिलं की सर पाठ फिरवून चालू लागत. 'मिस्त्रींनी काल भरलंय म्हणाले' असं सांगितलं तर म्हणत, "मग मिस्त्रीला घेऊन जा की वर." शिडीवर चढलो, टोपण काढलं, काठी घातली, ओल कुठवर आली ते बघितलं, टोपण परत लावलं: एवढं एकच उत्तर त्यांना चाले. आणि तेही लिटरमध्ये नाही. "लिटरवर काय स्वयंपाक करायचाय का? मिनिटं सांग. किती मिनिटं उडशील ते सांग."

होटगी रोडवरच्या त्या विमानतळावर तेव्हा प्रवासी विमानं येत नव्हती. धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, ऑफिसच्या तीन खोल्या आणि आमची पाच दोन-आसनी विमानं. पंख डोक्यावर, दोन्ही पंखांत एकेक टाकी. मी मोहोळचा. हायवेला लागून आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पायलट होणार म्हटल्यावर अर्ध्या मोहोळनं माझ्या वडिलांना वेड्यात काढलं होतं. स्कूलमध्ये पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि नाव तिथल्या तिथे विसरून टाकलं. त्यानंतर दीड वर्ष मी 'मोहोळ' होतो. "ए मोहोळ, हिकडं ये." प्रत्येकाचं असंच. एक 'पंढरपूर' होता, एक 'बार्शी' होती. सनिया शेख सोलापुरातलीच, नई जिंदगी भागात राहणारी, म्हणून सर तिला अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारत, "नई जिंदगी!"

आवाज मोठाच होता त्यांचा. साखर पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात ते वाढले. वडील चादरी विणायचे. घरात एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच, त्यामुळे हळू बोलणं ही गोष्ट ते शिकलेच नाहीत. घरची भाषा तेलुगू, बाहेरची आपली सोलापुरी मराठी. हिशेब मात्र तेलुगूत. नकाशावर पट्टी ठेवून ते पुटपुटायला लागले, "ओकटी, रेंडु, मूडु…" की आम्ही गप्प बसायचो. उंचीनं इतके कमी की शिडीच्या शेवटच्या पायरीवर टाचा उचलल्याशिवाय त्यांचा हात टाकीच्या टोपणापर्यंत पोचत नसे. दुपारी विमानाच्या पंखाच्या सावलीत पाय पसरून ते भाकरी आणि शेंगाची चटणी खात. समोरून जाणाऱ्याला हात धरून खाली बसवत आणि अर्धी भाकरी देत. नको म्हणायची सोय नव्हती.

बायको, मुलगी, घर याबद्दल आम्हाला फारसं काही माहीत नव्हतं. विमानं उडवायला कसे शिकले, तेही त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त एक गोष्ट ते प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच तासाला सांगत. फळ्यावर काही न लिहिता, हात मागे बांधून.

"मी तवा नवा इन्स्ट्रक्टर हुतो. ह्याच धावपट्टीवर. सकाळी विमान दुसऱ्यानं उडवलेलं. त्यानं वहीत लिहिलं हुतं, 'फ्युएल पुरेसं'. काटा निम्म्यावर. मी बसलो, शेजारी विद्यार्थी बसला, निघालो. मंद्रूपच्या वर गेलो आन् इंजिन बंद. लोकांना वाटतं लई आवाज होतो. न्हाई. शांत होतं. आमच्या पेठेत लाईट गेल्यावर सगळे माग एकदम थांबायचे, तशी शांतता. दोन्ही टाक्या कोरड्या. काटा अजून निम्म्यावरच. खाली हरभऱ्याचं रान दिसलं, तितं उतरवलं. बांधाला चाक अडकलं, विमान तोंडावर आलं. मला काय झालं न्हाई. पोराचा पाय मोडला."

मग ते पुढे सांगत, "रानाचा मालक पळत आला आन् म्हनला, सायेब, वाट चुकलाव का?"

इथे सगळे हसायचे. सरही हसू देत. हसणं संपलं की म्हणत, "फ्युएल किती हाय हे मी मोजलं न्हाई. मी मानलं. मानायचं देवाला. टाकीला न्हाई. आन् अजून एक. टाकीतली शेवटची पंचेचाळीस मिनिटं तुमची न्हाईत. ती माझी. त्याला हात लावायच्या आधी जमिनीवर या. विमानतळ सापडला तर विमानतळावर, न्हाई तर रानात, पण इंजिन चालू असताना या. बंद पडल्यावर रान आपल्याला निवडतं. चालू असताना आपण रान निवडतो."

आम्ही वहीत लिहून घेतलं. वीस वर्षांच्या पोरांना जितपत पटायचं तितपत पटलं.

सरांची स्कूटर होती, जुनी. निघताना तिचंही टोपण उघडून, वाकून ते आत बघत. एकदा आम्ही तिघांनी त्यातलं पेट्रोल काढून ठेवलं. म्हटलं, बघू तरी. संध्याकाळी सर आले, टोपण उघडलं, आत बघितलं, लावलं, आणि काही न बोलता पिशवी खांद्याला लावून होटगी रोडनं चालत सुटले. दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच म्हणाले, "ज्यांनी काढलं त्यांनी परत ओता. मला तीन किलोमीटर चालावं लागलं. पण मला स्टँडवरच कळलं. तुमाला अर्ध्या वाटंत, आसरा चौकात कळलं असतं."

माझी पाळी त्यानंतर महिन्याभरात आली. थंडीचे दिवस. मला पहिलं उड्डाण मिळालं होतं, उशीर झालेला. आदल्या संध्याकाळी याच विमानाच्या टाक्या भरताना मी स्वतः उभा होतो. शिडी विमानाला टेकवून ठेवलेली, पण मी चढलो नाही. वहीत लिहून टाकलं, दोनशे चाळीस मिनिटं.

सर आले. "मोहोळ, किती?"

"दोनशे चाळीस, सर."

"कशावरून?"

"काठी घालून, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शिडीकडे बघितलं. मग बोट लावून एक पायरी पुसली आणि ओलं बोट माझ्यासमोर धरलं. "ह्या शिडीवर दव जसंच्या तसं हाय. तू वर कसा गेलास? उडत?"

पंधरा दिवस मला विमानात बसू दिलं नाही. रोज सकाळी पाचही विमानांच्या दहा टाक्या काठीनं मोजायच्या, आकडे सरांना तोंडी सांगायचे, बस्स. पंधराव्या दिवशी मी जरा फुशारकीनं म्हणालो, "सर, आता मला न बघतासुद्धा आकडा कळतो." सरांनी आणखी पाच दिवस वाढवले.

हे सगळं सांगतोय ते सनियाच्या त्या सकाळपर्यंत येण्यासाठी.

फेब्रुवारी होता. सनियाला एकटीनं लांबचं उड्डाण करायचं होतं. सोलापूरहून कर्नाटकात आत जायचं, तिथून वळसा घालून दुधनी-अक्कलकोटवरून परत. नऊला निघाली. टाक्या पूर्ण भरलेल्या, दोनशे चाळीस मिनिटं. लागणार होती एकशे पंचवीस. सरांनी तिला दोन्ही प्रश्न विचारले, तिनं दोन्ही उत्तरं दिली. शिडीवर चढताना मी तिला स्वतः बघितलं होतं.

पावणेअकराच्या सुमारास टॉवरला तिचा आवाज आला. खरखर खूप होती. 'उजवी' असा एक शब्द कळला आणि 'उतरते' असा दुसरा. मग काही नाही.

सव्वाअकरा झाले. तिनं दहा मिनिटांपूर्वीच यायला हवं होतं. स्कूलचे मॅनेजर साहेब ऑफिसात येरझाऱ्या घालायला लागले. पहिल्यांदा सर त्यांनाच धीर देत होते. कागदावर आकडे मांडत म्हणाले, "एक वाजेपर्यंतचं फ्युएल हाय तिच्याकडं. वाट चुकली असंल. येईल की." आणि परत तेलुगूत मोजायला लागले. मोजता मोजता अचानक थांबले.

"उजवी काय?" त्यांनी मला विचारलं. "उजवी काय म्हनाली?"

"एवढंच कळलं, सर."

त्यांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "उजवी टाकी," ते म्हणाले. येमूल सर इतकं हळू बोलू शकतात, हे मला तेव्हा कळलं. पंखावरून वारा इतक्या जोरात वाहतो की टोपण सैल असेल तर तो टाकीतलं पेट्रोल ओढून बाहेर काढतो. आणि आमच्या विमानांत दोन्ही टाक्या आतून नळीनं जोडलेल्या होत्या. एक रिकामी व्हायला लागली की दुसरीही तिच्यामागे जाते. दोनशे चाळीस मिनिटांचा हिशेब त्या कागदावर नुसता कागदच होता.

पुढचा पाऊण तास मी विसरू शकत नाही. सर फोनशेजारी बसून राहिले. आसपासच्या पोलीस ठाण्यांना मॅनेजर साहेब फोन लावत होते, तेवढाच आवाज. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मी पाणी दिलं तर सरांनी ग्लास घेतला आणि हातात नुसता धरून ठेवला.

बारा वाजून गेल्यावर सरांचा मोबाईल वाजला. सनियाचे वडील, गफूरभाई. हैदराबाद मार्गावर ट्रक चालवायचे, त्या दिवशी घरी होते. सरांनी घाईत भलतंच बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर गेला, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"सर, सनिया का फोन आया था। किसी किसान के मोबाईल से। खेत में है बोलती। विमान खडा है बोलती। मेरे कू कुछ समझा नै, सर।"

"ती बोलली? सोताच्या तोंडानं बोलली?"

"हौ सर। रो री थी। पन बोली।"

सर खुर्चीवरून उठले, दोन पावलं चालले आणि कपाटाला पाठ लावून सरळ जमिनीवर बसले. "बोलली," ते आमच्याकडे बघून म्हणाले. "बोलली म्हनं." मॅनेजर साहेबांनी कुणाला तरी मिठी मारली, बहुतेक मलाच. तिचा मोबाईल उतरताना आदळून बंद पडला होता. पाठ असलेला एकच नंबर होता, अब्बांचा. म्हणून स्कूलच्या आधी बातमी नई जिंदगीत पोचली होती.

जीप मी चालवली. शेजारी सर, मागे मिस्त्री आणि शिडी. अक्कलकोटात शिरल्यावर सर म्हणाले, "थांबव. पोरीनं सकाळपासून खाल्लं नसंल," आणि उतरून डझनभर केळी घेऊन आले.

दुधनीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, तूर काढून मोकळं झालेलं मोठं रान होतं. त्यात आमचं पांढरं विमान नाक जरासं खाली करून उभं. पुढचं चाक वाकलेलं, पंख्याचं एक पातं टोकाला मुडपलेलं. बाकी सगळं धड. भोवती निम्मं गाव. आणि लिंबाखाली बाजेवर सनिया बसलेली, हातात पितळी पेला. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत सारखी म्हणत होती, "कुंद्रव्वा, नीर कुडी." बस बाई, पाणी पी. तो पेला तिनं चौथ्यांदा भरला होता, असं सनियानं नंतर सांगितलं. कन्नड कळत नाही आणि नको म्हणता येत नाही, म्हणून ती पीत राहिली.

आम्हाला बघून ती उठली. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. डोक्याला हात लावून बघितलं.

"कुटं लागलंय?"

"कुठं नाही, सर."

"मग रडतीस कशाला?"

"तुम्ही रडताय म्हणून."

सरांनी स्वतःच्या गालाला हात लावला, ओला लागला, तो शर्टाला पुसला आणि केळी तिच्या हातात दिली. म्हातारीला वाटलं हे तिचे वडील. ती त्यांनाही पाणी द्यायला लागली.

मग सनियानं सांगितलं. दर वीस मिनिटांनी दोन्ही काटे बघून मांडीवरच्या कागदावर लिहायचं, हा सरांचा नियम. ती लिहीत होती. परतीच्या वाटेवर उजवा काटा भराभर उतरायला लागला. "पहिल्यांदा वाटलं काटाच बिघडलाय. तुम्हीच सांगता काट्यावर विश्वास ठेवू नका. मग मनात आलं, काटा जास्त दाखवू शकतो तसा खरंही दाखवत असेल. म्हणून मान वळवून मागं बघितलं. पंखाच्या मागं पेट्रोलचा फवारा उडत होता, सर. धुक्यासारखा. मग मी धरून चालले की उजवीत काही नाही आणि डावीतलंही चाललंय. सोलापूर अजून सव्वीस मिनिटं होतं. वाटलं, पोचेन. कदाचित पोचेन. खाली हे रान दिसलं. एक घिरटी घातली, विजेच्या तारा बघितल्या, आणि उतरले."

"इंजिन?"

"चालू होतं, सर. चाकं टेकल्यावर मीच बंद केलं."

मिस्त्रींनी शिडी लावली. सर चढले, टाचा उचलल्या. उजव्या टाकीचं टोपण नुसतं वर ठेवल्यासारखं बसलं होतं, शेवटचा अर्धा फेरा पिळलाच नव्हता. काठी कोरडी आली. मग शिडी डाव्या बाजूला नेली. काठीचं टोक तेवढं ओलं झालं. सर वरूनच बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिले.

"बारा मिनिटं," ते म्हणाले.

सव्वीसातून बारा गेले की किती उरतात, हे तिथल्या कुणालाही मोजायची गरज पडली नाही. सर उतरले आणि ढेकळांत बसले. थोड्या वेळानं त्यांनी एक केळं सोललं आणि स्वतःच खाल्लं.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. घडलेलं सगळं लिहून वर चौकशीसाठी पाठवायचं होतं. वर्गात सनिया, गफूरभाई, सर, मॅनेजर साहेब, आणि जीपच्या किल्ल्या द्यायला गेलेला मी. मॅनेजर साहेब माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. ते म्हणाले, "पोरगी वाचली, विमान वाचलं. आता उगाच गुंतागुंत कशाला? इंजिनमध्ये अचानक बिघाड, असं लिहू. कुणावरच येत नाही."

सनियाला आठवलं होतं. काठी घातली, टोपण ठेवलं, पिळायला लागली तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली. तिनं मागं वळून 'आले' म्हटलं आणि उतरली. तो शेवटचा फेरा राहून गेला. घरातले चुलते आधीपासूनच म्हणत होते, पोरीला कशाला असल्या शिक्षणाला घालता. चूक तिची असं कागदावर आलं असतं तर त्यांना तेवढंच हवं होतं. हे सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"इंजिन शेवटपर्यंत चालू हुतं," सर म्हणाले. "त्याच्यावर आळ घालायचा न्हाई."

"सर, पण पोरीचं करिअर…"

"साहेब, दहा मिनिटं बाहेर जाता का?"

मॅनेजर साहेब गेले. मीही निघालो, तर सर म्हणाले, "मोहोळ, तू बस. तूबी एकदा लिहिलायस खोटं."

मग ते बाकावर सनियाशेजारी बसले. "मंद्रूपची गोष्ट मी तुमाला सांगतो की न्हाई? निम्मीच सांगतो. विमान पडल्यावर मी पहिला कागद लिहिला त्यात काय लिहिलं माहितीय? 'फ्युएल तपासायचं काम विद्यार्थ्याला दिलं हुतं.' दिलं नव्हतंच. पण त्याचा पाय प्लास्टरमध्ये, तो दवाखान्यात, कोण विचारतंय? दोन दिवस तो कागद तसाच हुता. दोन दिवस मी जेवलो, झोपलो, सगळं केलं. तिसऱ्या दिवशी त्याला बघायला गेलो. तर तो पोरगा मला म्हनला, 'सर, माझंच चुकलं असंल. मीच बघायला पायजे हुतं.' मी काय सांगितलंबी नव्हतं त्याला. त्यानं आपणहून मानलं हुतं."

सर नेहमीच्या आवाजात बोलत नव्हते. आम्हाला पुढे सरकून ऐकावं लागत होतं.

"तिथनं सरळ ऑफिसात गेलो, तो कागद मागून घेतला आन् दुसरा लिहिला. सहा महिने मला उडू दिलं न्हाई. बरं केलं. पण ते दोन दिवस काय कुठं जात न्हाईत. इतकी वर्षं झाली, पहिल्या तासाला गोष्ट सांगतो, तिथपर्यंत येतो आन् गिळतो. शेतकऱ्याचं सांगून तुमाला हसवतो."

गफूरभाई इतका वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, "बेटा, मैं ट्रक चलाता। ब्रेक फेल बोल के कितने लोगां बच गए, मालूम है मेरे कू। पन वो फिर कभी ठीक से सोए नै। तू लिख। चाचा लोगां को मैं देख लेता।"

सनियानं लिहिलं. टोपणाचा शेवटचा फेरा माझ्याकडून राहिला. तेवढंच, साध्या शब्दांत. तिचं झाल्यावर सरांनी तिच्याकडून पेन घेतलं आणि खाली स्वतःचं वाक्य लिहिलं. एकटीला पाठवण्याआधी मी टोपणावर स्वतःचा हात ठेवून बघायला हवं होतं, ते बघितलं नाही.

आठ आठवडे आम्ही सगळे चौकशीच्या कागदाची वाट बघत होतो. तो आला तेव्हा मॅनेजर साहेबांनीच वर्गात येऊन वाचून दाखवला. सनियाला ताकीद आणि जादा प्रशिक्षण. सरांना लेखी समज. आणि पुढे एक परिच्छेद होता, जो मॅनेजर साहेबांनी दोनदा वाचला: इंधन गळत असल्याचं ओळखून, इंजिन चालू असतानाच उतरण्याचा विद्यार्थिनीचा निर्णय योग्य होता, त्यामुळे जीवितहानी टळली. सनियानं डोकं बाकावर टेकलं. सर उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर हँगरकडे बघत जोरात ओरडले, "मिस्त्री, चहा सांगा! सगळ्यांना!" त्यांचा आवाज परत आला होता.

त्या आठवड्यापासून शिडीवरून उतरायच्या आधी टोपणावर तळहात ठेवून मोठ्यानं 'बंद' म्हणायची पद्धत पडली. आणि पहिल्या तासाची गोष्ट सर पूर्ण सांगायला लागले. मी पुढच्या तुकडीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. त्या दोन दिवसांपाशी आल्यावर ते थांबले, पाणी प्यायले, आणि पुढे गेले. शेतकऱ्यावर हसलेली पोरं इथे एकदम गप्प झाली. सनिया आता मालवाहू विमानांवर आहे. चुलत्यांनी तिच्या लग्नात सगळ्यात जास्त फोटो काढून घेतले.

आमची स्कूल पुढे दुसरीकडे हलली. सर सोलापूर सोडून जाणार नव्हतेच, ते निवृत्त झाले. मी प्रवासी विमानांवर लागलो. सणावाराला फोन व्हायचा, पण भेट नव्हती.

आता होटगी रोडवरून प्रवासी विमान सुटतं. मागच्या वर्षी एकदा त्या विमानावर सहवैमानिक म्हणून मी आलो. सोलापूरहून मुंबईला परत निघालो, तिथे उतरलो, सगळे प्रवासी गेले असं वाटून मी कॉकपिटचं दार उघडलं. मागून चौथ्या रांगेत दोघं अजून बसलेली. एक बाई, मांडीवर सोलापुरी चादरींचं गाठोडं. आणि खिडकीपाशी येमूल सर. केस पूर्ण पांढरे. मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं, एका पायातली चप्पल निघून पुढच्या सीटखाली गेलेली. गाढ झोपलेले.

"सर…" मी पुढे झालो, तर बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

"मुलीकडं चाललोय," त्या कुजबुजल्या. "तिकडनं निघताना माईकवर तुमचं नाव सांगितलं ना त्या पोरीनं, ते ऐकलं. मला म्हणाले, हा आपला मोहोळ हाय. आन् पट्टा लावून जे झोपले ते अजून उठले न्हाईत."

हवाई सुंदरी माझ्याकडे बघत होती. पुढच्या फेरीसाठी साफसफाईची माणसं जिन्यावर येऊन उभी राहिली होती. मी त्यांना हातानं थांबवलं, वाकून सीटखालची चप्पल काढली आणि सरांच्या पायाशी ठेवली. मग त्यांच्या समोरच्या रांगेत, सीटच्या पाठीवर हात टेकून, ते आपणहून जागे होईपर्यंत उभा राहिलो.